उकड्या तांदळाच्या घरातला पांढरा दाणा

सुजाताने पर्समधून हिंगाची डबी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. झाकण उघडलं. आत हिंग नव्हता. तांदळाएवढा एक पिवळट पांढरा दाणा होता, वाळून कडक झालेला.

"परत आले, मॅडम," ती म्हणाली.

परत म्हणजे तिसऱ्यांदा. त्याच मांजरीचे, तेच जंत, त्याच पावसाळ्यात.

मी मुळात गुरांची डॉक्टर. सरकारी दवाखान्यात अख्खी नोकरी गायी-म्हशींच्या मागे चिखल तुडवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर मालवणात छोटं क्लिनिक काढलं, तर गुरं राहिली बाजूला आणि मांजरं यायला लागली. मांजरं म्हणजे मांजरांचे मालक. निम्मे लोक मांजर घरी ठेवून येतात आणि मेडिकलमध्ये मागावी तशी जंताची गोळी मागतात. वजन विचारलं तर हाताने हवेत मापं दाखवतात. गोळी वजनावर द्यायची असते, हाताच्या मापावर नाही, हे सांगून सांगून माझा घसा सुकतो.

सुजाता त्यातली नव्हती. आचऱ्याला खाडीकाठच्या वाडीत तिचं घर. नवरा गोव्याला ट्रॉलरवर खलाशी, घरात ती, चार वर्षांची मनू आणि सासरे. सासऱ्यांना वाडीत सगळे भाई म्हणतात. त्यांची स्वतःची लहान होडी आहे. मांजरीचं नाव तारली, कारण रंग तारली मासळीसारखा, पोट चंदेरी आणि पाठ काळपट. पहिल्यांदा आली तेव्हा सुजाता तारलीला टोपलीत घालून घेऊन आली होती, आणि सोबत हीच हिंगाची डबी.

जंत ओळखले कसे, हे मी तेव्हाच विचारलं होतं. तिचं उत्तर मला फार आवडलं. त्यांच्या घरात बारा महिने उकड्या तांदळाचा भात. तो तांदूळ तांबूस, जाडसर. गोधडीवर पांढरा दाणा दिसला तेव्हा ती बुचकळ्यात पडली, की हा पाहुणा आला कुठून? उचलायला गेली तर दाणा हलला. दुसरी कोणी किंचाळली असती. हिने डबी रिकामी केली, दाणा आत टाकला आणि मालवणची गाडी पकडली. अशी चार गिऱ्हाइकं मिळाली तर डॉक्टरचं आयुष्य वाढतं.

तो दाणा मी पाण्याच्या थेंबात भिजवून दोन काचांमध्ये दाबला आणि मायक्रोस्कोपखाली धरला. आत अंड्यांचे घोस दिसले. हा टेपवर्म, म्हणजे फितीसारखा चपटा जंत. डोक्याने आतड्याला चिकटून बसतो आणि त्याच्या शेपटीकडचे तुकडे एकेक करून सुटतात. प्रत्येक तुकडा म्हणजे अंड्यांची पिशवी. ताजा असताना वळवळतो, वाळला की तांदूळ. मांजराच्या शेपटीखाली केसांना चिकटलेला दिसतो, नाहीतर ते झोपतं तिथे. काही मांजरं बूड जमिनीवर घासत जातात.

मांजरांत आणखी दोन जंत नेहमीचे. गोल जंत शेवयांसारखे असतात. ते बहुतेक पिल्लांत, आईच्या दुधातून येतात. पिल्लाचं पोट नगाऱ्यासारखं आणि अंग मात्र काड्यांचं, केस राठ, मधूनच उलटीत शेवया. दुसरे हुकवर्म. ते दोऱ्याएवढे बारीक असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाहीत, रक्त पितात, हिरड्या पांढऱ्या पडतात, शी काळी होते. त्यांच्यासाठी शी तपासावी लागते. टेपवर्म त्या मानाने सभ्य. मांजर खातंपितं, उड्या मारतं, नुसते दाणे टाकत फिरतं.

पण या सभ्य जंताची एक खोड आहे. त्याची अंडी मांजराने थेट गिळली तर काहीच होत नाही. मध्ये पिसू लागते. पिसवेची अळी धुळीत ती अंडी खाते. अळीची पिसू होते, ती मांजराच्या अंगावर चढते. मांजर अंग चाटताना तिला गिळतं आणि पोटात नवा जंत सुरू. म्हणजे गोळी पोटातला जंत मारते, पण घरात पिसू असेल तर पुढच्या महिन्यात नवा भाडेकरू हजर.

म्हणून पहिल्याच वेळी मी गोळी दिली आणि मानेवर टाकायचं पिसवांचं औषधही दिलं. तारलीची पिल्लं तेव्हा नुकतीच झाली होती, तेव्हा पाजणाऱ्या मांजरीला चालेल असंच औषध निवडलं. मांजर झोपतं ते सगळं उकळत्या पाण्यात धुवायला सांगितलं. सुजाताने धुतलं. दुसऱ्या वेळी मी संशयाने उलटतपासणी घेतली. गोळी गिळली का? गिळली, तारली मासळीतच घालून दिली, तोंड उघडून पाहिलं. औषध मानेवर टाकलं का, की पाठीवर, जिथे ते चाटतं? मानेवर. अंथरूण धुतलं? गोधड्या, चादरी, पायपुसणी, सगळं धुतलं. खोटं बोलणारी बाई नव्हती ती. तरीही आज डबी पुन्हा टेबलावर.

"या वेळी मनूला पण झालेत," ती म्हणाली. इथपर्यंत ती क्लिनिकमधलं मराठी बोलत होती. पुढे तिचा आवाज बदलला आणि भाषाही. "तिच्या चड्डीत दाणो गावलो माका, मॅडम. पोरांच्या डॉक्टरान औषद दिलां, पण ते म्हणाले, मांजराचां बगा. आता माका काय बगूचां नाय. ह्या टायमाक परत दिसलो, तर तारलीक गोणपाटात घालतंय आणि बंदरार सोडून येतंय. पिल्लांक सुद्दा."

बंदरावर सोडणं म्हणजे काय, ते इकडे सगळ्यांना ठाऊक आहे. लिलावाच्या जागी फेकलेली मासळी असते, मांजर जगेल, अशी मनाची समजूत घालून लोक तिथे मांजरं सोडतात. तिथली कुत्री टोळीने असतात. घरात वाढलेलं मांजर आणि सव्वा महिन्याची पिल्लं तिथे फार टिकत नाहीत. सुजातालाही ते ठाऊक होतं. म्हणूनच ती माझ्याकडे न बघता डबीकडे बघत बोलत होती.

मला तिचा राग आला नाही. लेकराच्या कपड्यात जंत दिसल्यावर कुठली आई शांत राहील? मी तिला एवढंच सांगितलं, की मांजराला हात लावल्याने हा जंत होत नाही. मनूच्या पोटात पिसू गेली असणार. लहान मुलं पिल्लांशी खेळतात, हात तोंडात घालतात. आजार साधा आहे, औषधाने जातो. पण जोवर पिसू घरात आहे तोवर मांजर टाकून उपयोग नाही. पिसू मागे राहील आणि माणसांना चावेल.

"मगे पिसू खंय आसा? घर तर माज्यासारक्या कोण धुवक नाय."

ते मलाही समजत नव्हतं. मी म्हटलं, मी येते बघायला.

आचऱ्याला तिच्या पडवीत पाय ठेवला आणि मला उत्तर दिसलं. पडवीच्या कोपऱ्यात भिंतीला लागून जाळ्यांचा ढीग होता. पावसाळ्यात मासेमारी बंद, त्यामुळे जाळी घरात येतात. ढिगावर निळी ताडपत्री अर्धी ओढलेली, आणि वर मधोमध खळग्यात तारली आडवी पडून पिल्लांना पाजत होती. शेजारी मनू, एका पिल्लाला फ्रॉकच्या घेरात गुंडाळून.

मी जवळ गेले. पायमोज्यावर काहीतरी टुणकन आलं. मग दुसरं. मी ओल्या कापसाचा बोळा तारलीच्या अंगाखालच्या दोऱ्यांवरून फिरवला. काळ्या मिरपुडीसारखे कण आले आणि कापसावर पसरून तांबडे झाले. ती पिसवांची शी. पचलेलं रक्त असतं ते, म्हणून ओलं झालं की लाल होतं. मी ढिगाची कड उचलायला वाकले, तेवढ्यात मागून आवाज आला.

"जाळ्याक हात लावू नको गो, बाय."

भाई दारात उभे होते. सत्तरीच्या पुढचा, वाळलेल्या कोळंबीसारखा वाकलेला माणूस, पण आवाज खणखणीत. त्यांनी मला बसवलं, सुजाताला चहा ठेवायला सांगितला आणि कारण सांगितलं. मासेमारी बंद असताना मांजर जाळ्यावर व्यालं, तर ते जाळं दर्या उघडेपर्यंत जागचं हलवायचं नाही, अशी त्यांच्या घराण्याची रीत. त्यांच्या वडिलांच्या वेळी असं एकदा झालं होतं आणि त्या साली होडी भरभरून आली. भाईंच्या हयातीत हे पहिल्यांदाच घडलं होतं. गेले दोन हंगाम त्यांचे कोरडे गेलेले. बोलताना ते जाळ्याकडे ज्या नजरेने बघत होते, ती नजर मी आजारी जनावरांच्या मालकांच्या डोळ्यांत पाहिली आहे.

सुजाता चहा घेऊन आली. मी तिला विचारलं, हे जाळ्याचं मला आधी का नाही सांगितलं? ती खरोखर गोंधळली. मी अंथरूण विचारलं होतं. जाळ्याला अंथरूण कोण म्हणतं? तिने घरभर झाडलं होतं, पुसलं होतं, ढिगाच्या कडेने केरसुणीही फिरवली होती. आत हात घातला नव्हता, कारण सासऱ्यांची रीत. शेजारणीने तिला गुरांच्या गोचिडांचं औषध जाळ्यावर फवारायला सुचवलं होतं. बरं झालं तिने ऐकलं नाही. कुत्र्या-गुरांची काही औषधं मांजराला विष असतात. मानेवर दोन थेंब पडले तरी मांजर आचके देत मरतं. मासळीलाही ती चालत नाहीत, आणि हे तर मासळीचंच जाळं.

मी भाईंना पिसवेची गोष्ट सांगितली. आपल्याला अंगावर दिसतात त्या पिसवा थोड्या. बाकीची अंडी, अळ्या आणि कोष खाली धुळीत. तुमच्या जाळ्याच्या घड्यांत केस आहेत, धूळ आहे, ऊब आहे. पिसवेला याहून चांगलं घर कोण देणार? तारलीच्या अंगावरच्या पिसवा औषधाने मेल्या, पण पिल्लांच्या अंगावर औषध नाही, आणि खालून नव्या येतच राहिल्या. गोळी दिली की जंत जातो, जाळ्यातून दुसरा येतो. आता मनूपर्यंत पोचलाय.

भाई ऐकत होते. मग म्हणाले, "जाळां हलवचा नाय."

"मगे मांजार जातला," सुजाता दारातून म्हणाली.

"मांजार खंय जातला? तां व्यालां म्हणान तर जाळां थंय आसा."

दोघंही माझ्याकडे बघायला लागली, जणू मी पंच. मला हे काम मुळीच आवडत नाही. रीतीभातीत डॉक्टरने नाक खुपसलं की लोक औषध घेणंही बंद करतात. पण इथे मधला रस्ता नव्हता, आणि नसलेला रस्ता दाखवणं हीसुद्धा लबाडीच. मी भाईंना म्हटलं, जाळं आणि मांजर दोन्ही जागेवर ठेवाल, तर मनूला हे परत परत होणार. तुम्ही ठरवा.

मनूने कुशीतलं पिल्लू भाईंच्या मांडीवर आणून ठेवलं. त्यांनी ते उचललं, त्याच्या पोटावरचे केस अंगठ्याने मागे सारले आणि डोळे बारीक करून पाहिलं. तिथे एक पिसू पळाली. त्यांनी ती नखावर चिरडली, लागलेलं रक्त पाहिलं आणि मग मनूच्या दंडावरचे चावे पाहिले.

"देवाक सांगून हलवतंय," ते म्हणाले. "गाऱ्हाणां घालतंय. पण तू सांगलंस म्हणान हलवतंय, तर त्या दिवशी तुया ये. व्हय म्हणूक."

आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात तेव्हा एक जण बोलतो आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. मी इथल्याच कट्टा गावची. लहानपणापासून हजारदा म्हटलेलं आहे. पण जंताच्या औषधाला कधी म्हटलं नव्हतं.

पावसाने उघडीप दिली त्या सकाळी मी आचऱ्याला गेले. भाईंनी पडवीत नारळ ठेवला, टोपी सारखी केली आणि सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, आज ह्यां तुजां लेकरू तुज्या म्होरे उबां आसा. मांजार व्यालेला जाळां दर्यो उघडासर हलवचा नाय, ही आमच्या घराण्याची रीत. ती आज मी मोडतंय. माजान नाय, गरजेन मोडतंय रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ह्या जाळ्यात जी पिसू शिरली हा, जेना माज्या नातीक तरास दिलो, तेचो वंस ह्या जाळ्यात, ह्या पडवेत, ह्या घरात ऱ्हवाचो नाय, असां कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"डॉक्टरबायन सांगलेली गोळी येळार देवची बुद्दी माज्या सुनेक दी, आणि ती गोळी गिळूची बुद्दी मांजराक दी रे म्हाराजा."

मला हसू आवरेना, पण 'व्हय म्हाराजा' मी मनापासून म्हटलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी देवाकडे वेगळं काय मागत होते?

मग भाई थांबले. त्यांनी सुनेकडे पाहिलं.

"आणि इतक्या करून दाणो परत दिसलो, तर मांजराक मीच बंदरार नेन सोडतलंय. ह्यो माजो शबूद आसा रे म्हाराजा."

सुजाता हळू आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणाली. मी म्हटलं नाही. जीभच उचलली नाही. भाईंच्या ते ध्यानात आलं.

त्यानंतर दिवसभर नुसतं काम होतं. वाडीतल्या चार माणसांनी जाळं खाडीवर नेलं, खाऱ्या पाण्यात खंगाळलं आणि वाऱ्यावर बांबूंवर पसरलं. जाळ्याखालच्या लादीवर केस आणि मातीचा थर होता. त्यात अळ्या वळवळत होत्या, बारीक दोऱ्याच्या तुकड्यांएवढ्या. सुजाताने तो थर गोळा करून जाळला आणि लादीवर उकळतं पाणी ओतलं. तारलीला गोळी, मानेवर औषध. मानेवरचं औषध द्यायचं पिल्लांचं वय नव्हतं, म्हणून मी उवांच्या फणीने एकेकाला विंचरलं आणि फणी साबणाच्या पाण्यात बुडवत गेले. पाणी काळं झालं. पिल्लांना गोल जंतांसाठी वजनावर पातळ औषध दिलं, आणि दर पंधरवड्याला पुन्हा द्यायला सांगितलं. नवं बिऱ्हाड मासळीच्या रिकाम्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये, खाली जुनी सुती साडी, जी आठवड्याला उकळता येईल. मनूचं औषध तिच्या डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे चालू होतं. तिला मी एकच काम दिलं, पिल्लांशी खेळून झालं की साबणाने हात धुवायचे. पिसवांचे कोष चिवट असतात, काही उशिरा फुटतात, म्हणून मानेवरचं औषध महिन्याला चालू ठेवा आणि रोज झाडा, असं बजावून मी निघाले.

पावसाचा जोर ओसरत आला. सुजाताचा फोन आला नाही. मी ते चांगलं लक्षण मानलं.

नारळी पौर्णिमा झाली, दर्याला नारळ गेला, होड्या उतरल्या. त्यानंतर दोनच दिवसांत सुजाता क्लिनिकमध्ये आली. हातात हिंगाची डबी. डोळे सुजलेले.

बाहेर बाकावर भाई बसले होते. मांडीवर मासळीची टोपली, तिच्यावर जाळ्याचा तुकडा बांधलेला, आणि आतून तारली ओरडत होती. पिल्लं आता दुधावरून सुटली होती, त्यांना आणलं नव्हतं. सकाळी गोधडीवर दाणा सापडला. सुजाता स्वतःच आता नको म्हणत होती, आधी मॅडमना दाखवूया म्हणत होती. भाई एकच वाक्य बोलले होते, की देवापुढे शब्द दिलाय. क्लिनिकवरून ते थेट बंदरावर जाणार होते. मनूला शेजारी ठेवून आले होते, काही न सांगता.

मी डबी उघडली. दाणा पांढरा, वाळका, पहिल्या तीन दाण्यांसारखाच. सगळं केलं होतं आम्ही. आणखी काय राहिलं होतं?

सुईने दाबला तर टणक लागला. तुकडा सुकला तरी इतका टणक? मी कपाटातून जखमेवर लावायच्या आयोडीनची बाटली काढली आणि एक थेंब दाण्यावर टाकला. आयोडीन पिठूळ पदार्थाला लागलं की निळंकाळं होतं. शाळेत बटाट्यावर करून दाखवतात तेच. जंताला ते लागलं तर नुसतं पिवळट तपकिरी दिसतं.

दाणा निळाकाळा झाला.

"हा तांदूळ आहे," मी म्हटलं.

सुजाता डबीत वाकून बघत राहिली. "आमच्याकडे पांढरो तांदूळ खंयसून येतलो?" ती म्हणाली, आणि बोलता बोलता थांबली. "नारळीभात."

उकड्या तांदळाचा नारळीभात होत नाही. पौर्णिमेसाठी तिने दुकानातून पांढरा तांदूळ आणला होता, आणि निवडायला गोधडीवरच सूप घेऊन बसली होती. मनू मदतीला. ती खाली बसली आणि हसता हसता रडायला लागली.

मी डबी घेऊन बाहेर गेले आणि भाईंना तो काळा दाणा दाखवला. काय झालं ते सांगितलं. त्यांनी दाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पण टोपलीची गाठ सोडली नाही. शब्द देवाला दिलेला होता, डॉक्टरला नव्हे.

"म्हंजे हेका घराक नेव, बाय?" त्यांनी विचारलं.

गाऱ्हाण्याच्या सकाळचा माझा एक होकार बाकी होता. "व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

भाईंनी टोपी काढून कपाळ पुसलं आणि गाठ सोडली.

तारली अजून आहे. दर तीन महिन्यांनी जंताची गोळी घेते, कारण उंदीर खायचं ती सोडणार नाही, आणि उंदरातूनही एक टेपवर्म येतो. कच्च्या मासळीतूनही जंत येऊ शकतात, म्हणून मासळीची आतडी तिला आता उकडून मिळतात. भाईंच्या होडीचा हंगाम कसा गेला, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. माझ्यापुरता बदल एवढाच, की मांजर झोपतं कुठे, हे मी हल्ली आधी विचारते, आणि अंथरूण हा शब्द वापरत नाही. टेबलावर मायक्रोस्कोपशेजारी आयोडीनची बाटलीही ठेवते. सणासुदीच्या दिवसांत ती लागते.